छोट्या मासेमारी होडीला किती एचपीचं मशीन लावायचं? बडोदेकरांना नेहमी पडणारे प्रश्न

बडोद्यात समुद्र नाही, पण आउटबोर्ड मशीनबद्दल (होडीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन) विचारणारे मराठी लोक इथे भरपूर आहेत. कोणी सिंधरोटला मही नदीवर छोटी होडी ठेवतो, कोणाचे मित्र चांदोद-मालसरला नर्मदेवर असतात, आणि निम्म्या लोकांचं गाव किंवा सासर कोकणात, तिथल्या भावाने किंवा मेहुण्याने फोन करून सांगितलेलं असतं की बडोद्यात चौकशी कर, गुजरातमध्ये स्वस्त मिळतं म्हणतात. मी बोटींची आणि इंजिनांची कामं करतो म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. तीच तीच उत्तरं सांगून झाली, आता एकदा लिहूनच काढतो.

सरळ सांगा ना, माझी १६ फुटी फायबरची होडी आहे, किती एचपी घेऊ?

सरळ सांगितलं तर चुकीचं सांगितल्यासारखं होईल, कारण १६ फूट हे अर्धंच उत्तर आहे. भरलेल्या होडीचं वजन किती आणि ती कुठल्या पाण्यात चालणार हे दोन आकडे आधी लागतात, एचपी नंतर आपोआप निघतो. तरी ढोबळ हवंच असेल तर घ्या: दोन माणसं, जाळं, बर्फाची पेटी, शांत पाणी, घाई नाही, तर ८ ते ९.९ एचपी पुरतं. तीच होडी पाण्यावर उचलून पळवायची असेल तर २५ ते ३० च्या आसपास जावं लागतं. मधलं १५ बहुतेक लोक घेतात आणि मला वाटतं तेच सगळ्यात जास्त विचार न करता घेतलं जातं. का ते खाली सांगतो.

वजन कसं धरायचं? होडीचं वजन तर माहितीच नसतं.

फायबर होडी बनवणाऱ्याला विचारा, त्याने किती लेयर मारले त्यावरून तो बऱ्यापैकी बरोबर सांगतो. नाहीतर ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या आणि नुसत्या ट्रेलरचं वजन वजा करा, हायवेवर धर्मकाटे किती आहेत बघा. पण खरी गडबड होडीच्या वजनात नसते, लोक बाकीचं सामान धरतच नाहीत तिथे होते. हा एक हिशेब बघा:

होडी १८० किलो. दोन माणसं १४०. मशीन ४०. २५ लिटर पेट्रोल टाकीसकट २०, कारण पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला पाऊण किलोच भरतं. ओलं जाळं ६०, आणि ओलंच धरा, कोरडं जाळं घेऊन कोणी परत येत नाही. पेटी आणि बर्फ ५०. नांगर, दोर, वल्ही १५. आणि मासे मिळाले तर ८०. बेरीज ५८५ किलो.

निघताना यातलं जाळं कोरडं, मासे शून्य. म्हणजे सकाळी ट्रायल घेताना होडी वेगळी आणि दुपारी परत येताना वेगळी. दुकानदार ट्रायल देतो ती रिकाम्या होडीची, आणि माणूस खूश होऊन पैसे मोजतो.

बरं, ५८५ किलो झाले. आता एचपी कसा काढायचा?

इथे दोन रस्ते आहेत. होडी पाणी कापत चालणार की पाण्यावर उचलून घसरणार, हे पहिले ठरवा.

पाणी कापत चालणाऱ्या होडीला वेगाची एक हद्द असते, ती पाण्यावरच्या लांबीवरून ठरते. पाण्याला टेकलेली लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, नॉटमधला वेग आला. १६ फुटाला ४ गुणिले १.३४ म्हणजे साधारण ५.४ नॉट, तासाला १० किलोमीटर. होडी स्वतःच लाट तयार करते आणि त्या लाटेच्या खळग्यात अडकते, त्याच्या पुढे थ्रॉटल कितीही पिळा, मागची बाजू बसते, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर जाते, पेट्रोल जळतं, वेग वाढत नाही. या वेगासाठी टनामागे ३ ते ५ एचपी पुरतात. आपले ५८५ किलो, म्हणजे कागदावर ३ एचपी सुद्धा चालतील. पण कागदावर वारा नसतो आणि प्रवाह नसतो, म्हणून दुप्पट-तिप्पट धरायचं, ८ किंवा ९.९.

दुसरा रस्ता, उचलून पळवायचं. त्याला होडीचा तळ मागच्या बाजूला सपाट हवा, आणि दर एचपीमागे वजन २० किलोच्या आत हवं, १५ असेल तर अजून छान. ५८५ भागिले २०, म्हणजे २९ एचपी. आता १५ एचपी लावून बघा. ट्रायलला जाळं, बर्फ, नांगर काही नाही, वजन ३८० च्या आसपास, एचपीमागे २५ किलो, बहुतेक वेळा कशीबशी उचलते, दोघे पुढे सरकून बसले तर नक्कीच. येताना ५८५, एचपीमागे ३९ किलो, आता ती उचलत नाही. म्हणजे १५ चं मशीन फुल थ्रॉटलवर, नाळ आकाशात, वेग ९.९ वाल्याच्या जवळपासच, आणि पेट्रोल दीडपट. १५ वाईट नाही, पण ते हलक्या होडीचं मशीन आहे, भरलेल्या होडीचं नाही. एकटा माणूस गळाने मासे धरायला जात असेल, जाळंबिळं नसेल, तर १५ मस्त.

मोठं घेऊन हळू चालवलं तर काय बिघडलं? इंजिनवर ताण कमी येईल ना?

हे मला आठवड्याला एकदा तरी ऐकावं लागतं. ट्रकच्या बाबतीत ठीक असेल, इथे मशीन मागच्या फळीवर टांगलेलं असतं. ९.९ चं फोर-स्ट्रोक ४० किलोच्या आसपास, २५ चं ६० किंवा जास्त, त्यात टिलर, म्हणजे मशीन वळवायचा दांडा, धरणारा माणूस पण मागेच बसतो आणि पेट्रोलची टाकी पण मागेच. मागची फळी पाण्याच्या जवळ येते आणि एकदम थ्रॉटल सोडला की आपलीच मागून येणारी लाट आत चढते. छोट्या होड्या बुडतात त्यातल्या बऱ्याच अशा मागून भरतात.

शिवाय फळी किती एचपीच्या धक्क्यासाठी बांधलीय ते पण आहेच. फायबरच्या आत प्लायवूड असतं, बोल्टच्या भोकातून पाणी मुरलं की ते आतून कुजतं आणि वरून काही दिसत नाही. मशीन धरून वरखाली हलवून बघा, फळी श्वास घेतल्यासारखी वाकत असेल तर एचपीचा विषय सोडा, आधी फळी बदला.

होडीवर जास्तीत जास्त एचपीची प्लेट असते म्हणतात. माझ्या होडीवर नाही.

आपल्याकडच्या गावठी होड्यांवर नसतेच. तेव्हा अमेरिकन कोस्ट गार्डच्या नियमातला हिशेब वापरता येतो. लांबी गुणिले मागच्या फळीची रुंदी, दोन्ही फुटात. १४ फुटी होडी, फळी ४ फूट, गुणाकार ५६. हातात टिलर धरून चालवायची सपाट तळाची कोनेदार होडी असेल तर गुणाकाराच्या अर्ध्यातून १५ वजा करा, १३ आले, पुढच्या पाचाच्या पटीत न्यायचं म्हणजे १५ एचपी. तळ सपाट नसेल तर गुणाकाराला ०.८ ने गुणून २५ वजा करा, १९.८, म्हणजे २० एचपी. गुणाकार ५२ च्या वर असेल तरच हे सूत्र. त्याच्या खाली सरळ तक्ता आहे: ३५ पर्यंत ३ एचपी, ३९ पर्यंत ५, ४२ पर्यंत साडेसात, ४५ पर्यंत १०, ५२ पर्यंत १५, आणि सपाट तळाच्या होडीला या तक्त्यात एक पायरी खाली यायचं.

ही कमाल मर्यादा आहे, एवढं घ्याच असा सल्ला नव्हे. आणि दोन्ही टोकं निमुळती असलेल्या पारंपरिक होडीला हे लागूच होत नाही, तिला मागे फळीच नाही. तिथे बाजूला ब्रॅकेट बसवून मशीन लावतात, अशा होडीला मी हलक्यातलं हलकं मशीनच सांगतो.

किती माणसं बसवू शकतो?

साधा हिशेब: लांबी गुणिले रुंदी भागिले १५, फुटात. १४ बाय ५ ची होडी, ७० भागिले १५, म्हणजे ४.७, तर चार माणसं, पाच नाही. आणि हे शांत पाण्यातलं, चांगल्या हवेतलं, जाळं-बर्फ न धरता.

बडोद्याच्या माणसाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटली आणि १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हती. तलाव होता तो, समुद्र नाही. त्यामुळे कोणी म्हणालं की आपल्याला फक्त नदीतच जायचंय, जॅकेट कशाला, तर मी त्याच्या होडीला मशीन लावून देत नाही. भांडण झालं तरी चालेल.

नर्मदेच्या मुखाकडे किंवा कावी-कंबोईच्या बाजूला न्यायची असेल तर तोच एचपी चालेल का?

नाही, आणि हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक भारतात सगळ्यात जास्त, उधाणाला १० मीटरच्या वर जातो. कावी-कंबोईचं स्तंभेश्वराचं देऊळ तुम्ही पाहिलंच असेल, भरतीला पूर्ण पाण्याखाली जातं आणि ओहोटीला उघडं पडतं, बडोद्याहून लोक गाड्या करून तेच बघायला जातात. एवढं पाणी काही तासांत आत येतं आणि बाहेर जातं म्हटल्यावर ते किती जोरात पळत असेल विचार करा. नर्मदा परिक्रमेला गेलेल्या कोणाही काका-काकूंना विचारा, विमलेश्वरहून मिठी तलाईला नावेने पलीकडे जाताना नावाडी भरतीची वेळ बघून निघतो, रात्री-बेरात्री सुद्धा, परिक्रमावासींची सोय बघून नाही.

आता गणित करा. तुमची १६ फुटी होडी शांत पाण्यात तासाला १० किलोमीटर. समोरून ओहोटीचा प्रवाह ४ नॉट, म्हणजे साडेसात किलोमीटर. उरले अडीच. पाच किलोमीटर परत यायला अर्ध्या तासाऐवजी दोन तास, तेही फुल थ्रॉटलवर, आणि पेट्रोल चौपट. प्रवाह अजून वाढला तर होडी आहे त्याच जागी पाणी कापत उभी राहील, किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटेल नांगर टाकलाय. इथे ९.९ चं २५ केलं म्हणून सुटका होत नाही, कारण पाणी कापणाऱ्या होडीला वेगाची हद्द आहेच, एचपीने ती हलत नाही. एकतर होडीच उचलून पळणारी हवी आणि तिला त्याप्रमाणे २५-३० चं मशीन, किंवा मग भरतीबरोबर आत यायचं आणि ओहोटीबरोबर बाहेर जायचं, जसं तिथले मच्छीमार करतात. ते लोक छोट्या मशीनवर धंदा करतात ते वेळ पाळतात म्हणून. भांगाच्या दिवसात, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जोर कमी असतो, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जास्त, हे कोकणातल्यांना सांगायला नको, पण बडोद्यात वाढलेल्या मुलांना माहिती नसतं.

वर चांदोद, मालसर, सिंधरोटला ही भानगड नाही. मात्र धरणातून पाणी सोडलं की नर्मदेचा मूड बदलतो, तेव्हा घाटावर विचारूनच होडी काढा.

शॉर्ट शाफ्ट की लाँग शाफ्ट?

एचपी बरोबर आणि शाफ्ट, म्हणजे मशीनचा पाण्यात जाणारा दांडा, चुकीचा, ही केस फार येते. मशीन जिथे अडकवायचं तिथे फळीच्या वरच्या काठापासून सरळ खाली तळापर्यंत टेप लावा. १५ इंच आसपास आलं तर शॉर्ट, २० इंच तर लाँग, २५ तर एक्स्ट्रा लाँग. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर जी आडवी चपटी प्लेट असते ती तळाच्या पातळीत किंवा फार तर इंचभर खाली यायला पाहिजे. शाफ्ट छोटा पडला तर पंखा हवा खेचतो, आरपीएम एकदम वर जातो आणि होडी पुढे जात नाही, लाटेत तर हमखास. मोठा पडला तर पाण्यात ओढ वाढते आणि महीच्या उथळ पट्ट्यात पंखा वाळूत घासतो.

पंख्याचा एवढा विचार करायचा का? मशीनबरोबर येतो तोच लावतात सगळे.

लावतात, आणि मग मशीनला दम नाही म्हणून माझ्याकडे येतात.

पंख्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. पिच ९ म्हणजे एका फेऱ्यात कागदावर ९ इंच पुढे. पिच जास्त म्हणजे उंच गिअर, हलक्या होडीला वेग. पिच कमी म्हणजे लोड ओढायला. कंपनी मशीनबरोबर मधला पंखा देते. तुमच्या भरलेल्या होडीत, आणि भरलेल्याच, फुल थ्रॉटल देऊन आरपीएम बघा. मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलची रेंज दिलेली असते, बऱ्याच फोर-स्ट्रोकची ५००० ते ६००० असते. ती गाठत नसेल, समजा ४५०० लाच अडकलं, तर मशीन ढोर मेहनत करतंय, आतून गरम होतंय, कार्बन धरतंय. पिच एक इंच कमी केली की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, त्यावरून किती कमी करायची ते काढा. साधा प्लगच्या वायरला गुंडाळायचा टॅकोमीटर मिळतो, महाग नाही. मोठं मशीन घेण्याआधी पंखा बदलून बघा, खर्च कुठल्या कुठे वाचतो.

जड होडी ओढायचीच असेल तर काही कंपन्या ९.९ मध्येच हाय थ्रस्ट मॉडेल देतात, गिअर जास्त खाली, पंखा मोठा. वेग मिळत नाही, ओढ मिळते. भरलेल्या मासेमारी होडीला मला ते साध्या १५ पेक्षा जास्त आवडतं.

टू-स्ट्रोक घेऊ की फोर-स्ट्रोक?

टू-स्ट्रोक हलकं, ८ एचपीचं २७ किलोच्या आसपास, एका माणसाने खांद्यावर टाकून किनाऱ्यावरून घरी नेता येतं. पिकअप चांगला, दुरुस्ती सोपी, गावातला मेकॅनिक पण उघडतो. पण पेट्रोल जास्त पितं, आणि ऑइल मिसळायची कटकट, सहसा ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली, नवीन असताना बऱ्याच मॉडेलना दुप्पट. अंदाजपंचे ऑइल ओतणारे खूप, कमी पडलं की पिस्टन धरतो. मोजायचा मग ठेवा बाबांनो, औषधाच्या बाटलीचं झाकण चालत नाही.

फोर-स्ट्रोक जड, महाग, पण पेट्रोल कमी आणि आवाज कमी. रोजचा धंदा असेल तर पेट्रोलच्या बचतीत किंमत निघते. रविवारी हौस म्हणून जाणाऱ्याला निघणार नाही.

केरोसीनवर चालणारं घेतलं तर?

केरळ-तमिळनाडूकडे खूप चालतात. सुरू पेट्रोलवर करायचं, गरम झालं की केरोसीनवर टाकायचं, बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर आणायचं. तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल मशीनपेक्षा ताकद कमी मिळते. स्वस्त केरोसीन मिळायची सोय नसेल तर यात पडू नका, बडोद्यात बसून तर अजिबात नाही.

पेट्रोल किती लागेल?

फोर-स्ट्रोकला फुल थ्रॉटलवर दर एचपीला तासाला साधारण ०.३५ ते ०.४ लिटर. ९.९ ला साडेतीन-चार लिटर, २५ ला नऊ-दहा. जुनं कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक याच्या दीडपट धरा. थ्रॉटल दोन तृतीयांशवर आणला की खप चांगलाच पडतो आणि वेग थोडाच पडतो, पाणी कापणाऱ्या होडीत तर फरक जाणवत सुद्धा नाही. टाकीचे तीन भाग करा, एक जायला, एक यायला, एक हात न लावता ठेवायला.

एक गोष्ट अजून. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुनी बरीच आउटबोर्ड १० टक्क्यांपर्यंतच चालतील अशी बनवलेली आहेत, त्यांचे रबरी पाइप आणि डायफ्रॅम फुगतात. मशीनच्या मॅन्युअलमध्ये बघा, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, आणि पंधरा दिवस वापरणार नसाल तर पेट्रोलचा पाइप काढून मशीन बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो.

इलेक्ट्रिक मोटर?

तलावात गळ टाकून बसणाऱ्याला उत्तम. तिची ताकद एचपीत नाही, पाउंड थ्रस्टमध्ये, म्हणजे ढकलण्याच्या जोरात, सांगतात, आणि दर ४५ किलो वजनाला कमीत कमी २ पाउंड लागतो. ४०० किलोच्या होडीला १८ पाउंड म्हणजे किमान, वारा धरून ४० ते ५५ घ्या. ५५ पाउंडची १२ व्होल्टची मोटर फुल स्पीडला ५० अँपिअरच्या आसपास खाते, म्हणजे ६०० वॅट, एक एचपी पण नाही. १०० अँपिअर-अवरची लेड बॅटरी दोन तास पण देत नाही, आणि ती पूर्ण उतरवली तर लवकर मरते. वाहत्या नदीत फक्त हिच्या भरवशावर जाऊ नका.

महीत पाणी कमी असतं, पंखा आपटतो. काय करू?

लाँग टेल बघा. शेतीच्या पंपावरच्या इंजिनसारखं साधं इंजिन, त्याला लांब दांडा आणि टोकाला छोटा पंखा, उथळ पाण्यात आणि पाणवनस्पतीत हवा तेवढा वर उचलता येतो. एअर-कूल्ड असल्यामुळे गाळ आत जायचा प्रश्नच नाही. कानठळ्या बसतात आणि रिव्हर्स नसतो, तेवढं सोसायचं. साडेपाच-साडेसहा एचपी छोट्या होडीला बास.

सगळीकडे ९.९ च का दिसतं, १० का नाही?

परदेशात बऱ्याच तलावांवर १० एचपी आणि त्याच्या वरच्या मशीनला बंदी असते, म्हणून कंपन्या ९.९ काढतात. गंमत अशी की बऱ्याच कंपन्यांचं ९.९ आणि १५ आतून एकच असतं, कार्बोरेटर किंवा थ्रॉटलमध्ये फरक. म्हणून वजनही सारखं. अशा जोडीत फळी झेपत असेल आणि किमतीत फार फरक नसेल तर १५ घेऊन दोन तृतीयांशवर चालवायला माझी हरकत नाही. वर १५ ला नावं ठेवली आणि इथे हो म्हणतो असं वाटेल, पण तिथे मुद्दा त्याच्याकडून पळण्याची अपेक्षा करू नका हा होता.

मी इंदूरचा आहे, गांधीसागरला होडी आहे. काही फरक?

थोडा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद कमी होते, माळव्यात ४-५ टक्के धरा, मे महिन्यातल्या गरम हवेत अजून थोडी. एचपी बदलायला नको, पिच एक इंच कमी पुरते. पाणी मात्र मोठं आहे, वारा सुटला की लाटा उठतात, ८ च्या खाली जाऊ नका.

मशीन चालू असताना पाण्याची बारीक धार येते, ती कधी कधी बंद होते. चालवू का?

नाही! लगेच बंद करा. ती धार म्हणजे कूलिंगचं पाणी फिरतंय याची खूण. आपल्या नद्यांच्या मुखाशी पाणी चहासारखं गढूळ, तो गाळ कूलिंगच्या पंपातल्या रबरी इंपेलरच्या पात्या घासून खातो. आधी भोकात नायलॉनची तंगूस घालून बघा, बऱ्याचदा चिखलच अडकलेला असतो, नाही सुटलं तर इंपेलर बदला. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दरवेळी गोड्या पाण्याने दहा मिनिटं आतून धुवा.

ओबीएम (आउटबोर्ड मशीन) लावल्यावर कागदपत्रं काय लागतात?

समुद्रात मासेमारी करणार असाल तर होडीची नोंदणी आणि मासेमारीचं लायसन्स मत्स्य विभागाकडून. नदी-तलावासाठी देशात आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, यांत्रिक होडी म्हटलं की नोंदणीचा विषय येतो, आणि धरणांमध्ये मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा आधी ठेकेदाराशी बोला.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै केंद्राची मासेमारी बंदी असते, राज्य ती वाढवू पण शकतं. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे. वल्ह्याच्या होडीला तुम्ही दोन एचपीचं जरी मशीन टांगलंत तरी ती सूट गेली. कोकणातल्या भावाला मशीन पाठवायच्या आधी हे त्याच्याशी बोलून घ्या.

आणि आजव्याला?

ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, सयाजीराव महाराजांच्या काळापासून. मगरी पण आहेत. विचार सोडा.

सेकंड हँड मिळतंय, स्वस्तात. काय बघू?

स्टिकरवर विश्वास ठेवू नका, १५ चं स्टिकर ९.९ वर चिकटवायला किती वेळ लागतो. नंबरप्लेटवरचं मॉडेल बघा, सीसी विचारा, टू-स्ट्रोक १५ साधारण २५० सीसीचं असतं, १७० सीसीवर कोणी १५ सांगत असेल तर निघा. कॉम्प्रेशन दोन्ही सिलिंडरचं तपासा, दोघांत दहा टक्क्यांच्या वर फरक नको. मग खालच्या गिअरकेसचा स्क्रू जरा ढिला करा आणि पहिले दोन थेंब बोटावर घ्या. काळपट ऑइल असेल तर ठीक. दुधी कॉफीसारखं आलं तर सील गेलंय आणि पाणी आत शिरतंय, पुढे गिअर जातील. निव्वळ पाणीच आधी टपकलं तर मशीन बरेच दिवस तसंच पडून आहे. कव्हर काढून ब्लॉकच्या जॉइंटवर पांढरी मिठाची खपली दिसते का बघा, थर्मोस्टॅटच्या आसपास जास्त धरते. लाल दोरीचा किल स्विच ओढून मशीन खरंच बंद पडतं का तेही तिथेच बघा, बऱ्याच जुन्या मशीनमध्ये तो बायपास करून ठेवलेला असतो. आणि विकणारा म्हणाला की आत्ताच सुरू करून गरम करून ठेवलंय, तर गार होईपर्यंत चहा प्या, मग तुम्ही स्वतः दोरी ओढा.